इच्छा एकाची, जाणे दुसऱ्याचे

टाकळी, १८ नोव्हेंबर १९१२

माजलगावाहून बैलगाडीने आलो. अंगातले एकेक हाड जागचे हलले. गाडीवान वाटभर बैलांशी गप्पा मारत होता, माझ्याशी अवाक्षर नाही. कारण विचारले तर म्हणाला, "बैलास्नी समजतं मास्तर. तुमचं बोलणं आमाला न्हाई समजत."

या मुलखात तारीखसुद्धा धड नाही. कचेरीत फसली साल, मशिदीत हिजरी, जोश्याच्या पंचांगात शके. तिघांना विचारावे तर तिघे तीन दिवस सांगतात. म्हणून मी ही रोजनिशी इंग्रजी तारखांनी लिहिणार आहे. आज अठरा नोव्हेंबर आहे हे या गावात एकट्या मला ठाऊक आहे.

कामाविषयी. रामकिसनराव देशमुख इथले मोठे जमीनदार. त्यांचा मुलगा उत्तरेश्वर हैदराबादेत वकील आहे आणि स्वतःला यू. आर. देशमुख म्हणवतो. दिवाळीला घरी येऊन त्याने बापाला सुनावले की अडाणी बायको वकिलाला शोभत नाही, तिकडे एका अंमलदाराची इंग्रजी बोलणारी मुलगी सांगून आली आहे, तिच्याशी लग्न करतो. बाप खवळला. लेकाला महादेवाच्या देवळात नेऊन सगळ्या गावासमोर त्याच्याकडून बेलभंडार उचलवून शपथ घेतली. संक्रांतीला सून चारचौघांत इंग्रजी बोलली तर दुसरे लग्न नाही. नाही बोलली तर खुशाल करावे, बाप अक्षता टाकायला येईल.

बाप आणि लेक, एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे. दोन महिन्यांत म्हैससुद्धा नवे दावे ओळखत नाही. इथे एका खेडवळ सुनेला इंग्रजी यायचे आहे, आणि ते आणायला पुण्याहून मला बोलावले आहे.

२० नोव्हेंबर

पहिला धडा. धडा कसला, तमाशा!

सून वच्छलाबाई परपुरुषासमोर येणार नाही. सासऱ्यासमोर तर तिने लग्न झाल्यापासून तोंड उघडलेले नाही. म्हणून मी ओसरीवर बसायचे, तिने माजघरात, दार अर्धे लोटलेले. उंबऱ्यावर छबुबाई. ही म्हातारी विधवा वच्छलाबाईंच्या माहेराहून, अंबाजोगाईहून, पाठराखीण म्हणून आली ती इथेच राहिली. मी बोललो की छबुबाई ते आत सांगणार. आतून कुजबुज आली की ती बाहेर मला सांगणार.

मी म्हटले, "अहो, चार हातांवर बसल्या आहेत त्या. माझे त्यांना ऐकू येते. पुन्हा कशाला सांगता?"

"रीत हाय, मास्तर. परपुरुषाचं बोलणं थेट आत जात न्हाई. उंबऱ्यावर थांबून जातं."

छबुबाईच्या तोंडी पाच दात आहेत. इंग्रजी भाषा त्या पाच दातांमधून वाट काढत आत जाते आणि तशीच परत येते. माझ्या गुरुजींनी हे पाहिले असते तर संन्यास घेतला असता.

२८ नोव्हेंबर

माझे व्याकरणाचे पुस्तक आत दिले होते. हळदीचे डाग घेऊन परत आले. तिसऱ्या पानावर तर चक्क तेल.

तिला अक्षरे आधीपासून येतात असे निघाले. तिचा बाप अंबाजोगाईच्या छावणीत रिसाल्याच्या घोड्यांना गवत पुरवायचा. गोऱ्या साहेबांबरोबर बोलून बोलून तो थोडे शिकला आणि मुलीला शिकवले. म्हणजे तबेल्यातले इंग्रजी. कोरी पाटी परवडते. अशी पाटी आधी खरवडून घ्यावी लागते.

तरी वाचते बऱ्यापैकी. छबुबाईचे दात मधे नसते तर अधिक कळले असते.

४ डिसेंबर

आज इन्फिनिटिव्ह काढला. हा ज्याला आला त्याला अर्धी इंग्रजी भाषा आली, असे माझे मत आहे, आणि माझे मत सहसा चुकत नाही.

सांगितले की 'टू गो' म्हणजे जाणे. कोण गेला, कधी गेला, गेला की नाही, काही ठरलेले नाही. कर्ता नाही, काळ नाही, नुसते जाणे.

छबुबाईने ते आत पोचवण्याआधी स्वतःच विचारले, "म्हंजी कुणी गेलंच न्हाई?"

"नाही."

"मंग सांगायचं कावून?"

अशा प्रश्नांना उत्तर देणे मी कमीपणाचे समजतो. पुढे इन्फिनिटिव्ह फ्रेज समजावली. 'टू' आणि क्रियापद हा नवरदेव. 'टू फेच वॉटर फ्रॉम द रिव्हर' म्हटले की पाणी आणि नदी हे त्याचे वऱ्हाड. सगळे मिळून एकच जिन्नस, वाक्यात एकाच पाटावर बसतो. हे मात्र म्हातारीला झटकन समजले. व्याकरण नाही, लग्न समजले.

आतून निरोप आला, "वैनी पुसत्यात, नवरदेव हाय, वऱ्हाड हाय, नवरी कुठं हाय?"

मी म्हटले, "व्याकरणात नवरी नसते."

आत बांगड्या वाजल्या. हसली असावी. हसण्यासारखे काय होते देव जाणे.

९ डिसेंबर

अभ्यास दिला होता की 'आय वॉन्ट' पुढे इन्फिनिटिव्ह घालून वाक्ये करा. सुशिक्षित घरातल्या मुली अशा वेळी 'मला देवाची पूजा करायची आहे' अशी सोज्ज्वळ वाक्ये करतात. हिची वाक्ये ऐकावीत.

'मला नदी पाहायची आहे.' सिंदफणा परसाच्या मागून वाहते, पाहायची काय?

'मला चिंचा खायच्या आहेत.'

'मला सूर्य वर आल्यावरही झोपायचे आहे.' आळशीपणा इंग्रजीत सांगितला म्हणून लपत नाही.

शेवटी 'आय वॉन्ट टू स्टे.' मी परत पाठवले. राहायचे आहे, पण कुठे, कोणाबरोबर? नवरदेव आला, वऱ्हाड कुठे? थोड्या वेळाने दुरुस्त होऊन आले, 'आय वॉन्ट टू स्टे विथ माय मदर-इन-लॉ अँड द काऊ.'

सासूला आणि गाईला एका दाव्याला बांधले! सासू तुळजाबाईंना इंग्रजी कळत नाही हे या घराचे नशीब. त्या बिचाऱ्या तिथेच बसल्या होत्या. इंग्रजी ऐकून म्हणाल्या, "पोरीला लई येतं बाई, दृष्ट लागंल," आणि मीठमोहऱ्या आणायला आत गेल्या. दर धड्याला दृष्ट काढतात. या घरात व्याकरणापेक्षा मीठ जास्त खर्च होते.

१५ डिसेंबर

छबुबाई आज उगाच पाल्हाळ लावून बसली. मागल्या साली उत्तरेश्वर बायकोला महिनाभर हैदराबादेला घेऊन गेला होता. छबुबाई बरोबर होती. माडीवरच्या खोलीत ठेवले आणि मित्र आले की बाहेरून कडी. एकदा एका मित्राने जिन्यात पाहिले आणि ही कोण म्हणून विचारले.

"तर म्हन्ला, आमच्या गावाकडली मोलकरीन हाय. वैनी तितंच हुबी होती, मास्तर. हातात पान्याचा तांब्या."

"मग?"

"मग काय. तांब्या देऊन आत आली. तवापासून हैदराबादचं नाव काढलं की जेवत न्हाई."

मी म्हातारीला बजावले की मी व्याकरण शिकवायला आलो आहे, घरगुती गाऱ्हाणी ऐकायला नाही. वकिलाचेही खरेच आहे. बोलता येत नसेल तर मित्रांपुढे काय उभे करायचे? शिवाय ही बोलू लागली की कडी आपोआप निघेल. हे सगळे माझ्या शिकवण्यावर अवलंबून आहे आणि ती म्हातारी मला तांब्याची गोष्ट सांगते!

१९ डिसेंबर

आज अवघड भाग. 'आय वॉन्ट टू गो' म्हणजे मला जायचे आहे. 'ही वॉन्ट्स मी टू गो' म्हणजे मी जावे अशी त्याची इच्छा आहे. पहिल्यात इच्छा आणि जाणे एकाचेच. दुसऱ्यात इच्छा एकाची, जाणे दुसऱ्याचे. फरक मी फार सुंदर रीतीने समजावला. ऐकायला लायक माणूस नव्हता, हे नेहमीचेच.

मग छबुबाईमार्फत प्रश्न आला, "इच्छा एकाची आन् जानं दुसऱ्याचं, आसं चालतं का म्हन्त्यात."

"चालते म्हणून तर व्याकरणात आहे."

"मंग ज्याला जायचं त्याची इच्छा न्हाई, हे कसं सांगायचं?"

"'नॉट' घाला. डू नॉट वॉन्ट."

"एवढंच?"

"एवढेच."

प्रश्न बरा होता. कोणीतरी सुचवला असेल.

२४ डिसेंबर

छबुबाईला हिवताप आला. उंबऱ्यावर बसायला दुसरी कोणी नाही, म्हणून धडा बंद. रामकिसनरावांना म्हटले की निदान दाराआडून पुस्तक तरी वाचू द्या, मी नुसता ऐकेन. म्हणाले, "दोन दिस दम धरा, मास्तर. आमची सून काय पळून चालली व्हय?"

दिवसभर करण्यासारखे काही नव्हते. नदीवर जाऊन आलो. पाहण्यासारखे विशेष काही नाही. पाणी, दगड, दोन धनगर आणि त्यांची मेंढरे. तरी तासभर तिथे बसलो, का ते कळत नाही. पाय दुखत असावेत.

३० डिसेंबर

म्हातारी बरी झाली. धडा सुरू.

एक वाक्य असे आले की मी दोनदा वदवून घेतले. 'आय डू नॉट वॉन्ट टू बी लाफ्ड अ‍ॅट.' मला कोणी हसलेले नको आहे. हा कर्मणि इन्फिनिटिव्ह मी शिकवलेलाच नाही! पुस्तकाच्या पुढच्या पानावर आहे. म्हणजे माझ्या परवानगीशिवाय पान उलटले. शिस्त म्हणून नाही या घरात.

वाक्यात चूक नव्हती. 'अ‍ॅट'सुद्धा जागच्या जागी. पुण्यातले निम्मे विद्यार्थी तो विसरतात. मी 'ठीक' म्हटले. छबुबाईने आत जाऊन काय सांगितले कोण जाणे, तुळजाबाईंनी मला दुधाचा पेला पाठवला.

८ जानेवारी १९१३

संक्रांतीसाठी मी स्वतः एक उतारा रचला आहे. सुरुवात अशी की, पतीची सेवा करणे म्हणजे देवाची सेवा करणे होय. 'टू सर्व्ह वन्स हजबंड इज टू सर्व्ह गॉड.' एकाच वाक्यात एक इन्फिनिटिव्ह कर्त्याच्या जागी, दुसरा त्याच्या समोर! पुढे सासूसासऱ्यांचे आभार, शेवटी निजामसरकारच्या दीर्घायुष्याची कामना. इतके भारदस्त इंग्रजी या तालुक्याने ऐकलेले नाही.

पाठ करायला आत पाठवले. निरोप आला, "पाठ झालं." फक्त पाठ झाले. छान आहे की नाही याबद्दल एक शब्द नाही. गाढवाला गुळाची चव काय.

छबुबाई रोज महादेवाला बेल वाहून येते. आज म्हणाली, "मास्तर, न बोलली तर सवत. बोलली तर ती खोली. तिकडं आड आन् हिकडं हीर." मी म्हटले, बोलली तर जिंकली. बायकांना सरळ गोष्ट सरळ दिसत नाही.

१४ जानेवारी

आज संक्रांत. लिहायला बसलो तर टाकाचे टोक मोडले. संतापाने.

ओसरी भरून गेली होती. बेलभंडाराच्या वेळी जे जे देवळात होते ते सगळे साक्षीला आले. उत्तरेश्वर हैदराबादी शेरवानी, पायात बूट आणि घड्याळाची साखळी अशा थाटात खुर्चीवर. वच्छलाबाईंना दारात उभे केले. डोक्यावरून पदर इतका खाली की फक्त हनुवटी दिसत होती. छबुबाई सवयीने उंबऱ्यावर बसू लागली तर रामकिसनराव म्हणाले, "आज मधी कुनी न्हाई. सूनबाई, तूच बोल. मराठीत सासऱ्याम्होरं बोलशील तर रीत मोडंल. इंग्रजीची रीतच न्हाई आपल्यात. काय बोलायचं ते बोल."

उत्तरेश्वरने नाव विचारले. तिने सांगितले. आवाज पहिल्यांदाच सरळ ऐकला. चांगला ठणठणीत आहे. मी हळूच 'टू सर्व्ह' म्हणून आठवण दिली. तेवढ्यात उत्तरेश्वर तिरके हसला आणि मित्रांकडे पाहावे तसे लोकांकडे पाहत म्हणाला, "वेल, व्हॉट डू यू वॉन्ट?"

आणि तिने उतारा सोडून दिला! म्हणाली, "आय डू नॉट वॉन्ट टू गो टू हैदराबाद." मग एकामागून एक. मला खोलीत कोंडून घ्यायचे नाही. मला मोलकरीण म्हणवून घ्यायचे नाही. मी लाजावे अशी तुमची इच्छा आहे. मी लाजायला नकार देते. मला इथे राहायचे आहे आणि शिकायचे आहे. सगळे इंग्रजीत, न अडखळता. मी बोटांवर इन्फिनिटिव्ह मोजत होतो. साधे, नकारासहित, कर्मणि, मधे दुसऱ्याचे कर्म घातलेले, एकही सुटला नाही, एकही चुकला नाही.

लोक खूश. कोणी "वाहवा" म्हणाले. तुळजाबाईंच्या डोळ्यांत पाणी, मुठीत मीठमोहऱ्या. उत्तरेश्वरचा चेहरा मात्र आधी लाल आणि मग पांढरा झाला.

"काय म्हन्ली रे?" बापाने विचारले.

तो घड्याळाची साखळी चाचपू लागला. "सांग की, वकील हायस ना?"

"काही न्हाई. पाठ केलेलं बोलली."

साफ खोटे. पाठ केलेले बोलली असती तर माझा उतारा नसता का ऐकू आला? मी तसे सांगायला तोंड उघडले होते, पण उत्तरेश्वरने माझ्याकडे असे पाहिले की मी थबकलो. गरिबाने सावकाराकडे पाहावे तसे पाहिले त्याने. रामकिसनराव माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी सांगा. बरुबर बोलली का?"

खोटे मी बोलत नाही. म्हणालो, "एकही चूक नाही."

"चूक न्हाई म्हंजी खरं बोलली," असे म्हणून म्हातारा मोठ्याने हसला. सुनेच्या पदराकडे एकदा पाहिले, लेकाकडे एकदा पाहिले. "मंडळी, ऐकलं न्हवं समद्यांनी? बेलभंडार फिटला. दुसरं लग्न न्हाई. तिळगूळ घ्या."

चूक आणि खोटे यांतला फरकसुद्धा या माणसाला कळत नाही आणि हा गावचा न्याय करतो! माझा उतारा कोणीही ऐकला नाही. पोरीने ऐन वेळी गोंधळून अभ्यासातली उदाहरणे ओळीने म्हणून टाकली. निवडायची अक्कल नसली की असे होते. व्याकरण मी शिकवू शकतो, अक्कल कुठून आणू?

१५ जानेवारी

उत्तरेश्वर सकाळीच निघाला, एकटा. बापाने विचारले, "सुनेला कवा नेतूस?" तर म्हणाला, जागा लहान आहे, पुढे पाहू. काल चारचौघांत बायकोने तोंडावर काय सांगितले हे त्याने कोणाला सांगितले नाही. अर्थात सांगण्यासारखे त्यात होते काय?

गाडीत बसण्याआधी माझ्याकडे आला. "हे तिला तुम्ही शिकवलंत?"

"मी इन्फिनिटिव्ह शिकवला."

"आणि ती वाक्यं?"

"वाक्ये ही उदाहरणे असतात. उदाहरणात काय असते?"

माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मग "बेवकूफ" म्हणून गाडीत चढला. निजामी कचेरीत राहून माणूस एवढेच शिकतो. इंग्रजीत चिडायचीही पात्रता नाही.

२१ जानेवारी

रामकिसनरावांनी मला वर्षभर ठेवून घेतले. "सुनेला शिकायचं हाय म्हन्त्यात," म्हणाले. कोण म्हणते हे मी विचारले नाही. पुण्याला परत जाऊन तरी काय करणार होतो? तिथे माझी वाट पाहत आहे असे कोणी नाही.

आज धड्याला बसलो. छबुबाई हरभरा सोलायला मळ्यात गेली होती. उंबरा रिकामा. उठून जावे म्हटले, तेवढ्यात आतून सरळ आवाज आला. मधे कोणी नाही.

"मास्तर, बसा. रोज वाक्यं मीच करते. आज तुमी करा."

"मी? मला काय गरज?"

"आय वॉन्ट टू. म्होरलं तुमी सांगा."

मी पुस्तकातले सांगितले, की व्यापाऱ्याला त्याचा घोडा विकायचा आहे.

"व्यापाऱ्याचं नको. तुमचं सांगा. तुमाला काय पायजे?"

मी हसून वेळ मारून नेणार होतो. हसू आले नाही. इतकी वर्षे मी मुलांकडून हे वाक्य करून घेतो. शेकड्यांनी वाक्ये तपासली, लाल शाई मारली. मला कोणी विचारले नव्हते. 'आय वॉन्ट टू' म्हणून थांबलो, तो थांबूनच राहिलो. परसातली गाय एकदा हंबरली. आतून घाई नव्हती.

शेवटी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उद्या सांगा."

मला वाईट वाटले. फार वाईट वाटले. हे कुठल्याही कारणाने झाकता येत नाही, म्हणून सरळ लिहितो.

जोश्याच्या पडवीतल्या माझ्या बिऱ्हाडी येऊन चौदा तारखेचे पान काढले आणि तिची वाक्ये पुन्हा वाचली. या वेळी क्रियापदे मोजली नाहीत. ओसरीवर सगळा गाव होता, आणि तिचे बोलणे समजू शकणारे उत्तरेश्वर आणि मी असे दोघेच होतो. त्यांतल्या एकाला ते समजले होते.

जोश्याकडे जेवलो. भाकरी चांगली होती. उद्या तिला एक वाक्य द्यायचे आहे. खाली जागा सोडून ठेवतो.

आय वॉन्ट टू